हिरव्या चहाची आच

भुसावळात चहा म्हणजे सीटीसीची दाणेदार पत्ती, दूध, साखर, आलं आणि दणकून उकळी. त्या चहावर माझं प्रेम आहे, दुकानही त्याच्यावरच चालतं. पण गिऱ्हाईक ग्रीन टी वजन उतरवायचं औषध म्हणून नेतं आणि तीही तशीच उकळतं, तेव्हा जीव हळहळतो. चीनमध्ये हिरवा चहा ही मुलखामुलखाची वेगळी चीज आहे, आणि तिचं वेगळेपण बरंचसं आचेत आहे.

खुडलेलं पान वेळेत तापवलं नाही, तर त्यातली विकरं कामाला लागून ते काळवंडतं. हिरव्या चहात हेच थांबवायचं असतं. जपानी लोक पान वाफवतात. चीनमध्ये मिंग काळापासून कढईत परतायची रीत रुळली.

हांगचौच्या लोंगजिंगसाठी कारागीर तापल्या लोखंडी कढईत उघड्या हाताने पान दाबतो, सरकवतो, उलटवतो. मग पान निववून पुन्हा कढईत. ते सपाट, गुळगुळीत होतं आणि त्याला भाजलेल्या ओल्या हरभऱ्याच्या जवळचा वास येतो. सूचौजवळ ताय सरोवराकाठच्या बीलोछुनची तऱ्हा वेगळी. तिथे चहा फळझाडांच्या सोबतीने वाढतो. कोंब इतका इवला, की ५०० ग्रॅमला साठेक हजार लागतात, आणि ते तळहातात वळून पीळदार करतात.

मला सगळ्यांत थोर वाटतो तो आन्ह्वे प्रांतातला ल्यूआन ग्वाफ्येन. कोवळ्या कोंबाला सगळा भाव देणाऱ्या देशात हा चहा निव्वळ पानाचा. कोंब नाही, देठ नाही. शेवटी दोघं जण पानांची मोठी टोपली उचलून रसरशीत कोळशांवर धरतात, दोन-तीन सेकंदांत बाजूला घेतात, पानं हलवतात, पुन्हा धरतात. असं कितीतरी वेळा. एक क्षण उशीर झाला तरी माल करपतो.

हंगामही तितकाच महत्त्वाचा. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगचा सण येतो. त्याआधीची खुडणी सर्वांत महाग. थंडीत पानात थिआनिन नावाचं द्रव्य साठतं, त्याने चव गोडसर लागते. ऊन वाढलं की कडवटपणा वाढतो.

हा चिनी चहा आपल्याकडेही पोचला. १८४८ साली स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट फॉर्च्यून ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमध्ये शिरला आणि तिथली रोपं व कारागीर हिमालयातल्या मळ्यांत आणले. कांगड्यात आजही मुख्यतः चिनी जातीची झुडपं आहेत. सुरुवात करायची तर तिथल्या हिरव्या चहापासून करावी.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या पुढे जातो. अशा उन्हाळ्यात हिरवा चहा फळीवर पिवळा पडतो, आणि मसाल्याशेजारी ठेवला तर त्याचा वास ओढून घेतो. घट्ट डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा. काचेच्या ग्लासात दोन-तीन ग्रॅम पत्ती, वर ८० अंशांच्या आसपासचं पाणी, दूध-साखर नको. बीलोछुनला मात्र आधी पाणी, मग पत्ती. ग्लास पूर्ण रिता करू नका. तळाशी तिसरा हिस्सा राहिला की वर नवं पाणी ओता.