चिकलठाण्याहून हैदराबाद : मुलांचा पहिला एकट्याचा सफर

औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) शहरातून जालना रस्त्याने बाहेर पडलं की चिकलठाण्याला विमानतळ लागतो. इमारत आटोपशीर, गर्दी बेताची. दाराशी जवान उभा असतो आणि दाराच्या अलीकडे निरोप द्यायला आलेली माणसं. कुणी पोराच्या खिशात पैसे कोंबतं, कुणी दुआ पढून फुंकर घालतं.

मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांना हैदराबाद कधी परकं नव्हतं. 1948 पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे कुणाची खाला तिकडे, कुणाची फूफी. अजिंठा एक्स्प्रेसमध्ये रात्री बसायचं, रोटी-खिम्याचा डबा उघडायचा आणि सकाळी तिकडे उतरायचं, हा पिढ्यांचा शिरस्ता. आता नानीची तब्येत बिघडली, अब्बांना रजा नाही आणि अम्मीला घर सोडता येत नाही, अशा वेळी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला विमानात बसवून दिलं जातं. मुलीला एकटीला पाठवावं की नाही, हा ज्या त्या घराचा निर्णय. पण पाठवायचं ठरलं, तर दारावर काय विचारतात हे आधी कळलेलं बरं.

आई-वडील सोबत असले आणि त्यांच्याकडे ओळखपत्र असलं, तर दारावर लहान मुलांचं वेगळं ओळखपत्र लागत नाही. मूल एकटं निघालं की मात्र लागतं. बाराच्या आतल्या मुलांना एकटं पाठवायचं असेल तर विमान कंपनीची वेगळी सोय आधी मागावी लागते. बारा पूर्ण झाली की बहुतेक कंपन्या मुलाला इतर प्रवाशांसारखंच धरतात. आपल्याला लहान वाटणारं पोर दारावर मात्र मोठ्यांच्या रांगेत उभं असतं.

चालणाऱ्या ओळखपत्रांची यादी लांबलचक आहे, पण या वयाला त्यातली थोडीच उपयोगाची. मतदार कार्ड अठरानंतर. अल्पवयीनाच्या पॅन कार्डावर फोटोच नसतो. उरतात मुख्यतः पासपोर्ट, आधार आणि विद्यार्थी ओळखपत्र. यादीत विद्यार्थी ओळखपत्र सरकारी संस्थेचं म्हटलेलं आहे. म्हणून शाळा खाजगी असेल किंवा मुलगा मदरशात शिकत असेल, तर नुसत्या त्या कार्डावर विसंबू नये. कार्ड मूळ हवं, झेरॉक्स किंवा मोबाईलमधला फोटो नको. आधारचं अधिकृत ॲप मात्र चालतं.

आधारचीही एक गोम आहे. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे, डोळे आणि फोटो नव्याने नोंदवावे लागतात. ते राहून गेलं तर कार्डावर दुधाचे दात दाखवणारं मूल आणि समोर मिसरूड फुटलेला मुलगा, असा प्रकार होतो.

आपल्या घरांत खरी अडचण येते ती नावाची. एका विमानतळावर मागच्या हिवाळ्यात सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा दाराशी अडला होता. दादांच्या जनाजासाठी निघालेला. घाईत कुणीतरी तिकिटावर घरात हाक मारायचं नाव घातलं होतं. आधारवर शेख आधी, मग मोहम्मद, मग तिसरंच नाव. जवानाचा दोष नव्हता. तो आवाज न चढवता एवढंच म्हणाला, “बेटा, ये नाम तो अलग है.” काउंटर, फोन, खुलासे यांत विमान गेलं. मुलगा रात्रीच्या गाडीने निघाला. तिकडे असरनंतर दफनही झालं होतं.

आपल्याकडे एकच नाव शाळेत ‘मोहम्मद’, आधारवर ‘मुहम्मद’ आणि पासबुकावर ‘मोहं.’ असं लिहिलेलं सापडतं. कुठे शेख-सय्यद आधी, कुठे शेवटी. कुठे मधे वडिलांचं नाव, कुठे नाहीच. घरात हे चालून जातं. म्हणून तिकीट काढताना समोर ओळखपत्र ठेवावं आणि त्यावरचं इंग्रजी स्पेलिंग अक्षर अक्षर पाहून उतरवावं. चूक दिसली तर त्याच दिवशी कंपनीला कळवावं, दारावर पोचेपर्यंत थांबू नये.

नकाब घेणाऱ्या मुलीला फोटोशी चेहरा जुळवण्यासाठी तो दाखवावा लागतो. महिला कर्मचारी बोलवा, अशी विनंती तिने न घाबरता करावी. आतली अंगझडती पडद्याआड आणि महिलाच घेतात, हेही तिला आधी सांगून ठेवावं.

अकिक्याला आपण हौसेने नाव ठेवतो. पंधरावं लागलं की एका संध्याकाळी मगरिबनंतर त्याचे सगळे कागद दस्तरखानावर मांडावेत आणि मुलालाच वाचायला लावावेत. फरक असेल तर तोच आधी ओळखेल आणि दुरुस्तीला हातात वेळही राहील.