जिवाची विचारपूस

जुलै उजाडला की कोल्हापुरात सकाळी पहिली चौकशी होते ती नदीची. राजाराम बंधाऱ्याला पाणी किती? ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं ५५ फूट ओलांडले, तेव्हापासून तर नदीकाठच्या घरांत आकडा ऐकला की लगेच हात कामाला लागतात. धान्याचे डबे माळ्यावर, गादी-अंथरुणं पाहुण्यांकडे, जनावरं उंचावर.

माणसाच्या जिवाला अशी पट्टी बसवलेली नसते. आत पाणी चढत असतं आणि ज्याच्या आत चढतंय त्यालाच ते सगळ्यांत शेवटी कळतं. कामावर जाणं सुरू असतं, पोरांचे डबे भरणं सुरू असतं, रविवारी उपासनेला येणंही चुकत नाही. शेजारच्या बाकावर बसणारीला मात्र दिसतं. गीताच्या वेळी पुस्तक उघडलेलं असतं, पण आवाज निघत नाही. प्रभुभोजनाच्या वेळी ही बाई जागची उठत नाही. उपासना सुटल्यावर आवारात सगळे एकमेकांना सलाम करत रेंगाळतात, तेव्हा ही चपला घालून फाटकाबाहेर गेलेली असते. मंडळीतल्या बायकांबरोबर मी बरीच वर्षं घरभेटींना जाते. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. आत्म्याची काळजी ही ज्याची त्यानं एकट्यानं घ्यायची गोष्ट नाही. ती दुसऱ्या कुणीतरी घ्यावी लागते, आणि आपण ती घेऊ द्यावी लागते.

हे मी मुद्दाम सांगते, कारण सध्या सगळा भर एकट्यानं सुधारण्यावर आहे. पहाटे उठा, वही लिहा, शांत बसा, रोज एक वचन पाठ करा. मोबाईलवर सकाळी सहालाच फुलांच्या चित्रावर छापलेली वचनं येऊन पडतात. त्यात वाईट काही नाही. मीही पहाटे शास्त्र वाचते आणि त्यावाचून माझा दिवस सुरू होत नाही. पण ज्या दिवशी माणसाला उठवतच नाही, त्या दिवशी या साऱ्या सूचना त्याच्या उशाशी तशाच पडून राहतात. तेव्हा दारावर थाप मारणारं कुणीतरी लागतं.

बाबा गेले तेव्हा मी हे पाहिलं. मातीला शेकडो माणसं आली, सांत्वनाच्या प्रार्थनेलाही घर भरलं. मग जो तो आपापल्या कामाला लागला, तेही बरोबरच होतं. मी शाळेत जाऊ लागले. फळ्यावर लिहीत होते, वह्या तपासत होते. घरी आल्यावर मात्र दिवाही न लावता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहायचे. एका संध्याकाळी मंडळीतल्या मोठ्या आक्का आल्या. आम्ही सगळ्या त्यांना आक्काच म्हणत होतो. त्यांचं वय तेव्हाच सत्तरीपुढचं होतं. त्यांनी दिवा लावला, मोरीत साचलेल्या भांड्यांकडे एकदा पाहिलं, पदर खोचला आणि भांडी घासायला बसल्या. मी ‘आक्का, राहू दे’ म्हणाले, तर वर न बघता म्हणाल्या, ‘तू बस गं. सकाळपास्नं काय खाल्लंयस?’ मग पिशवीतून त्यांनी मेथीची जुडी काढली आणि माझ्यापुढं परात ठेवली. दोघींनी मेथी निवडली. बराच वेळ आम्ही देठांबद्दलच बोललो. कुठली कोवळी, कुठली टाकायची. भाकरी झाली, मी जेवले. त्यानंतर आक्कांनी विचारलं, ‘प्रार्थना करायची का?’ आणि माझं उत्तर येईपर्यंत त्या खरंच थांबल्या. त्यांची प्रार्थना चार वाक्यांची होती. त्यात बाबांचं नाव होतं, माझं होतं, आणि आज पोटात अन्न गेलं याबद्दल देवाचे आभार होते.

पुढं शास्त्रात एलीयाची गोष्ट पुन्हा वाचताना मला हीच संध्याकाळ दिसली. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा दुसऱ्याच अध्यायात जिवाच्या भीतीनं रानात पळतो, रतामाच्या झुडुपाखाली बसतो आणि मरण मागतो. देव त्याला काय देतो? निखाऱ्यावर भाजलेली भाकर, पाण्याचं भांडं आणि झोप. पुन्हा उठवतो, पुन्हा खायला घालतो. विश्वास कुठं गेला, असं देवदूत विचारत नाही. तू इथं काय करतोस, हा प्रश्न देव विचारतो, पण तो चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर, होरेब डोंगरावर. आधी भाकर, मग विचारणा. हा क्रम आक्कांना कुठल्या शाळेत शिकवलेला नव्हता, तरी त्यांनी तो चुकवला नाही.

आमच्या या मुलखातल्या ख्रिस्ती कामाकडे मी या क्रमाच्या डोळ्यांनी बघते. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, त्यांनी शाळा काढल्या; त्यांच्या नावाचं चर्च शहरात आजही उभं आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली इथंच जन्मला आणि पुढं अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या मोठ्या मिशनरी चळवळीचा एक उभारणारा झाला. त्या चळवळीआधी तो आणि त्याची बहीण ग्रेस प्रिन्स्टनच्या घरी दोघं मिळून प्रार्थना करत असत, ही गोष्ट मला चळवळीहून जवळची वाटते. पण लोकांच्या मनात घर केलं ते दवाखान्यांनी. कॅनडात जन्मलेले डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ साली या भागात आले आणि १८९४ मध्ये मिरजेचा दवाखाना उभा राहिला. १९२८ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. सांगली-मिरजेच्या मधली वानलेसवाडी आजही त्यांचं नाव सांगते. पन्हाळ्याच्या अंगाला कोडोलीलाही मिशनचा दवाखाना झाला. ‘मिरजेला न्या’ हे दोन शब्द आमच्या आजी-आजोबांच्या पिढीत शेवटच्या आशेचे शब्द होते, मग घर कुठल्या का धर्माचं असेना.

मिशन दवाखान्यात शस्त्रक्रियेआधी प्रार्थना करायची रीत आहे. ती माझ्या माहितीतल्या अनेकांनी अनुभवली आहे, त्यांत ख्रिस्ती नसलेलेही आहेत. प्रार्थना होते आणि मग डॉक्टर हात धुऊन कामाला लागतात. प्रार्थना केली म्हणून सुरी बाजूला ठेवत नाहीत, आणि सुरी आहे म्हणून प्रार्थना सोडत नाहीत. ज्या मंडळीच्या पूर्वजांनी हे डोळ्यांनी पाहिलं, त्याच मंडळीत मन आजारी पडलेल्या बाईला ‘तुझा विश्वास कमी पडतोय’ असं सांगणारी माणसं भेटतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. मोतीबिंदूला डॉक्टर आणि मनाला नुसता उपदेश, हा भेद कुणी केला? झोप उडालेल्या, अन्न सुटलेल्या, जगणं नको झालेल्या माणसाला मानसोपचाराच्या डॉक्टरकडे नेणं हेही पाळकाचं आणि मंडळीच्या वडिलांचं काम आहे. त्याच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत का, हे विचारणं हा घरभेटीचाच भाग आहे.

विश्वास असला की दुःख होत नाही, असं शास्त्र कुठं म्हणतं? दीडशे स्तोत्रांमध्ये रडणारी, तक्रार करणारी, ‘किती वेळ?’ म्हणून देवाला जाब विचारणारी स्तोत्रं ढिगानं आहेत. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. शेवटी आशेची ओळ जोडायचा मोह त्या कवीनं टाळला. आणि गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशूनं काय केलं? पेत्र, याकोब आणि योहान यांना बरोबर घेतलं, माझा जीव दुःखानं मरणप्राय झाला आहे हे त्यांना उघड सांगितलं, आणि माझ्याबरोबर जागे राहा अशी विनवणी केली. ते तिघं झोपले, ही गोष्ट वेगळी. पण ज्याला आम्ही देवाचा पुत्र मानतो त्याला त्या रात्री सोबत हवीशी वाटली आणि ती त्यानं मागितली. त्यापुढं आम्ही कुठल्या तोंडानं म्हणावं, ‘माझं मी बघून घेईन’?

माणूस विश्वासात वाढतो म्हणजे काय होतं, याचं मराठीतलं सगळ्यांत खरं चित्र लक्ष्मीबाई टिळकांनी लिहून ठेवलं आहे. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. त्यानंतर काही वर्षं त्या मुलाला घेऊन नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधारानं राहिल्या. ताटातूट, अपमान, राग, ओढ, सगळं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये हातचं राखून न ठेवता सांगितलं आहे. परत आल्यावरही सोवळं-ओवळं एका दिवसात गेलं नाही. एकेक गाठ सुटत गेली, आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी तो त्यांच्यावर लादला नाही. टिळक तापट होते, विसरभोळे होते, घरात दमडी टिकू देत नव्हते. पण या एका बाबतीत त्यांनी दाखवलेला धीर मला त्यांच्या कवितेइतकाच मोठा वाटतो.

पुढं याच बाईंनी अनाथ पोरं पोटाशी धरली, टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढं नेलं. लहानपणी जिच्या हाती पाटी आली नव्हती, तिनं हे केलं. या वाढीला कुठल्या सभेची तारीख लावता येत नाही. आज मैदानावर मांडव घालून, तीन दिवसांत जीवन बदलेल असं फलकावर लिहिलेलं मी वाचते, तेव्हा मला त्या पाच वर्षांची आठवण होते. अशा सभांतून खरोखर उभी राहिलेली माणसं मला माहीत आहेत, मी त्यांना खोटं ठरवणार नाही. पण चौथ्या दिवशी मांडव निघतो. त्यानंतर त्या माणसाला कोण विचारतं, यावर सगळं अवलंबून असतं.

पूर्वी हे विचारणं घराघरांत रोज होत होतं. आमच्याकडे जेवणाआधी कुटुंबप्रार्थना असायची. पाठपुठ्ठा निघालेलं ‘उपासना संगीत’, त्यातलं टिळकांचं एखादं गीत, बाबांचा जरा खालच्या पट्टीतला आवाज. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो असं टिळक म्हणत. कोल्हापूरच्या घरात ते पटवून द्यायची गरज पडली नाही, कारण आमच्या भिंतीपलीकडून हरिपाठ ऐकू यायचा आणि चाल आम्हाला ओळखीची असायची. गीतानंतर बाबा एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करत. त्यात घरच्यांबरोबर दूधवाल्याच्या मोडलेल्या पायाचाही उल्लेख असे, आणि धाकट्या भावाच्या गणिताच्या पेपराचाही. कुणाचं काय चाललंय हे त्या दहा मिनिटांत साऱ्या घराला कळायचं. एखाद्या दिवशी दोघा भावंडांचा अबोला असला तर बाबा दोघांची नावं लागोपाठ घेत आणि मध्ये जरा थांबत. तेवढ्यानं ताटावर बसेपर्यंत बोलणं सुरू व्हायचं.

आता सगळ्यांच्या वेळा निराळ्या. मुलगा पुण्याला, सून रात्रपाळीला, नातवाचा क्लास आठला सुटतो. हे बदलणार नाही, त्यावर रडून उपयोग नाही. म्हणून तर मंडळीवर जास्त जबाबदारी येते, आणि इथं मला आमच्याच लोकांशी थोडं भांडायचं आहे. आमच्या बैठकांचा केवढा तरी वेळ जागा, भाडी, निवडणुका आणि कोर्टाच्या तारखा यांत जातो. नाताळच्या रोषणाईवर तासभर चर्चा होते. तीन महिने उपासनेला न आलेल्या घराची आठवण कुणी काढली तर ‘पाळकसाहेब बघतील’ असं म्हणून पान उलटतं. एका पाळकाकडे शंभर-दोनशे घरं. त्यानं उपदेश तयार करायचा, लग्नं लावायची, मयती करायच्या, ऑफिसच्या फाईली सांभाळायच्या आणि वर प्रत्येकाच्या मनाचा ठावही घ्यायचा? आणि त्या पाळकाची विचारपूस कुणी करायची, हा प्रश्न तर मी आजवर एकाही बैठकीत ऐकलेला नाही.

म्हणून आम्ही बायकांनी आमच्यापुरतं वाटून घेतलं आहे. दोघी-दोघी जातो, कधी घरी, कधी सीपीआर रुग्णालयाच्या वॉर्डात. नव्या येणाऱ्या मुलींना आम्ही आक्कांचीच रीत सांगतो. फोन पिशवीत ठेवायचा. ‘देवाची इच्छा’ हे शब्द आपण होऊन उच्चारायचे नाहीत. त्या घरातलं या घरात आणायचं नाही. प्रार्थनेला नको म्हटलं तर आनंदानं नको, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचं.

उचगावची एक बाई मुलगा गेल्यापासून चर्चला आलेली नाही. सुरुवातीला तिनं दार अर्धवटच उघडलं. मग ओट्यावर बसू दिलं. कालच फोनवर बोलणं झालं. ‘गीताचं पुस्तक आणू नका, मला अजून गाता येत नाही,’ ती म्हणाली. मी बरं म्हटलं. थोड्या वेळानं तीच पुढं म्हणाली, ‘बुधवारी याल तेव्हा कोपऱ्यावरनं अर्धा लिटर दूध घेऊन या. च्या इथंच करू.’