खुर्ची, जमीन आणि अब्बांचा पाय

चार वर्षांपूर्वी अब्बांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. साखर जुनी होती. चपलेने अंगठ्याला झालेली जखम त्यांनी तीन आठवडे आमच्यापासून लपवली, हळद लावत राहिले. साखरेने पाय बधिर झालेला, त्यामुळे दुखलं नाही, आणि दुखलं नाही म्हणून जखम मोठी वाटली नाही. डॉक्टरांकडे गेलो तेव्हा उशीर झाला होता.

जखम भरल्यावर शहरातल्या एका ठिकाणी कृत्रिम पाय करून घेतला. भावाने आणि मी निम्मे निम्मे पैसे घातले. आत कडक गाभा, टाचेला मऊ गादी, वर बूट. ही रचना १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियात तयार झाली आणि जगभर चालली. अब्बा बूट घालून गल्लीच्या टोकापर्यंत चालू लागले, तेव्हा आम्हाला वाटलं, झालं काम.

झालं नव्हतं. हा पाय बुटाच्या टाचेची उंची धरून बसवलेला असतो. बूट काढला की टाच खाली जाते, नडगी मागे ढकलली जाते, तोल जातो. आता सांगा, आपल्या घरात बूट घालून कोण फिरतं? मशिदीत तर दारातच पादत्राणं उतरतात. घोटा वाकत नसल्याने खाली बसणं अवघड, आणि बसलेल्याला उठणं त्याहून अवघड.

यावर माझ्याकडे उत्तर तयार होतं. मी अब्बांना मसला समजावला. उभं राहता येत नसेल तर बसून नमाज पढावी, तेही जमत नसेल तर कुशीवर. दीनने एवढी सवलत दिली आहे. मी घडीची खुर्ची आणली आणि भावाने ती मशिदीत नेऊन ठेवली. अब्बांनी मान हलवली. काही दिवस गेले. मग जुम्म्यालाही ते घरीच जोहर पढू लागले. दस्तरखान अंथरला की म्हणायचे, माझं ताट पलंगावर द्या. नातवंडं खाली, आजोबा वर. मला वाटलं, मन खचलंय, होईल हळूहळू.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. बी.एड.ला पहिल्या महिन्यातच शिकवलं होतं, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जा. मूल कुठे उभं आहे ते आधी पाहा. वर्गात मी ते पाळते. अब्बांना मात्र मी एकदाही विचारलं नव्हतं की तुम्हाला काय करायचं आहे.

त्याच सुमारास मी जयपूर फूटबद्दल वाचायला लागले. नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. सुधा चंद्रन याच पायावर पुन्हा नाचल्या, हेही आपल्याला माहीत असतं. पण तो पाय का तयार झाला, हे मला ठाऊक नव्हतं. १९६०च्या दशकात जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी अस्थिरोगतज्ज्ञ होते. तिथेच रुग्णांना हस्तकला शिकवणारे मास्टरजी रामचंद्र शर्मा होते, शाळा फारशी न शिकलेले, हाताने मात्र उस्ताद. कृत्रिम पाय मिळालेली माणसं पुन्हा कुबड्या घेऊनच फिरताना त्यांना दिसत. कारण तेच: शेतात, चुलीपुढे, देवळात, मशिदीत बूट चालत नाही. सायकल पंक्चर झाली म्हणून मास्टरजी टायरच्या दुकानात थांबले, तिथे ट्रकच्या टायरवर रबर चढवताना त्यांनी पाहिलं आणि कल्पना सुचली, असं सांगतात. पंजा आणि टाच स्पंजासारख्या रबराची, घोट्याला लाकडाचा ठोकळा, वरून टायरचं रबर, आणि सगळं साच्यात भाजून एकजीव केलेलं. हा पाय वर-खाली वाकतो, थोडा आजूबाजूला वळतो, पाण्यात भिजतो, अनवाणी चालतो. डॉ. सेठींनी त्याचं पेटंट घेतलं नाही. १९७५मध्ये डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली आणि तेव्हापासून तो मोफत बसवला जातो.

तालुक्याला शिबिर लागलं तेव्हा अब्बांना घेऊन गेले. पाय बनवणारा पंचविशीतला मुलगा. माप घेण्याआधी त्याने विचारलं, "चाचा, घर में बैठते कहाँ हो?" अब्बा म्हणाले, "जमीन पे." मी बाजूला उभी होते. एवढा साधा प्रश्न, आणि तो वर्षभर आमच्यापैकी कुणी विचारला नव्हता.

प्लास्टरचा साचा घेतला. प्लास्टिकचा जाड पाइप भट्टीत मऊ करून साच्यावर ओढला. त्याला खाली तो तपकिरी पाय जोडला. संध्याकाळी अब्बा दोन दांड्यांच्या मध्ये अनवाणी चालत होते.

सगळं सुटलं असं सांगणार नाही. हा पाय हाताने बनतो, म्हणून प्रत्येक नग सारखा नसतो. जड आहे, रबर झिजतं, बदलावं लागतं. नमाजमध्ये दोन्ही पाय दुमडून बसलं की पाइपची कड गुडघ्यामागे रुतते, म्हणून अब्बा डावा पाय बाजूला काढून बसतात. पण मांडी घालता येते. सजद्यात कपाळ जमिनीला लागतं.

माझा भाचा मोबाइलवर कार्बन फायबरचे पाय दाखवतो, त्यावर धावणारे खेळाडू दाखवतो. धावणाऱ्याला तोच पाय हवा. मुंबईत हाजी अलीच्या दर्ग्याजवळ १९५५पासून भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे. जियारतला जाताना कितीदा तरी ती पाटी वाचली, पण 'पुनर्वसन' म्हणजे धरणग्रस्तांचं, एवढाच अर्थ माझ्या डोक्यात होता. माणसाला त्याच्या स्वतःच्या घरातही पुन्हा वसवावं लागतं, हे अब्बांमुळे कळलं.

एक प्रश्न मला टोचत होता. शेवटी विचारला, "अब्बा, खुर्चीवरची नमाज कमी असते असं वाटत होतं का?"

"नमाज कम नई थी बेटा," अब्बा म्हणाले. "सफ में सब नीचे, मैं अकेला ऊँचा बैठता था."

खुर्ची अजून मशिदीत शेवटच्या सफेत आहे. पलीकडच्या गल्लीतले एक चाचा ती वापरतात, गुडघे गेलेत त्यांचे. परवा अब्बाच मला म्हणाले, त्यांना एकदा जाऊन विचार.