पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका

"कागद अपुरे आहेत, नंतर या." सरकारी कचेरीच्या खिडकीवरून आपल्या समाजातील किती माणसे हे एक वाक्य ऐकून परत फिरतात, याची कोठेही नोंद नाही. नोंद असणार तरी कशी? हे वाक्य कोणी लिहून देतच नाही.

मी स्वतः कारकून आहे. वीस वर्षांहून अधिक काळ आवक-जावकच्या टेबलावर काढला आहे. त्यामुळे एक गोष्ट मी खात्रीने सांगू शकतो. ज्या अर्जावर आवक क्रमांक पडला नाही, तो अर्ज कचेरीच्या लेखी आलेलाच नसतो. आणि तोंडी मिळालेल्या नकारावर पुढे दाद मागणे फार कठीण, कारण दाखवायला हाती कागदच नसतो. गरिबाचा हक्क बहुधा याच जागी बुडतो.

दोन वर्षांपूर्वी जळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यातील भगिनी माझ्याकडे आल्या. त्यांचे पती सुरतला यंत्रमागावर कामाला होते. आपल्या खान्देशातून सुरत-उधन्याला पोट भरायला गेलेली माणसे गावोगाव आहेत, त्यांतलेच ते एक. तापाचे निमित्त झाले आणि खोलीवरच त्यांचा अंत झाला. दिराने आणि सोबतच्या कामगारांनी तिथेच अंत्यविधी उरकला आणि सगळे गावी परतले. मृत्यूची नोंद करायची असते, हे त्या दुःखात कोणालाच सुचले नाही. पदरी दोन लेकरे, शेत नाही, निंदणी-खुरपणीवर घर चाललेले.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून विधवा भगिनींना दरमहा १,५०० रुपये मिळतात. वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. या बाईंचे सगळे त्यात बसत होते. नव्हता तो फक्त पतीच्या मृत्यूचा दाखला. ग्रामपंचायतीने सांगितले, मृत्यू इथे झाला नाही, नोंद इथे होणार नाही. ते कायद्याला धरूनच होते. मृत्यू जिथे होतो तिथेच त्याची नोंद होते. मात्र मग काय करायचे, ते कोणी सांगितले नाही. तालुक्याच्या कचेरीत त्या चार वेळा गेल्या. चार दिवसांची मजुरी बुडाली, एस.टी.चे भाडे गेले ते वेगळेच. मी विचारले, "ताई, अर्जाची पोच आहे का?" त्या म्हणाल्या, "पोच म्हंजे काय, भाऊ? त्यासनी कागद दखात नि परत करी दिधात."

मी वकिलाकडे जाण्याचे सुचवले तेव्हा त्यांच्या सासऱ्यांनी जुनी म्हण ऐकवली, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. ही म्हण ज्यांच्या बांधावरून भाऊबंदकी चालते आणि ज्यांच्यापाशी वकिलाला द्यायला पैसा आहे, त्यांची आहे. ज्याचा हक्कच कोणी मोजत नाही, त्याने ही म्हण उराशी धरून काय मिळवायचे? ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब धुळ्याला आले ते कोर्टाच्या कामासाठी. त्या वेळी ते लळिंगच्या लांडोर बंगल्यावर थांबले, म्हणून दरवर्षी त्या दिवशी आपण तिथे भीमस्मृती यात्रेला जातो. ती आठवण कोर्टाची पायरी चढणाऱ्या माणसाची आहे, हे यात्रेला जाताना ध्यानात असू द्यावे.

आता पैशाचा प्रश्न. १९७६ च्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३९-अ हे कलम आले आणि गरिबाला मोफत कायदेशीर साहाय्य देणे हे शासनाचे कर्तव्य ठरले. त्यासाठी १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला. त्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, कोणतीही स्त्री, बालक, अपंग व्यक्ती आणि कारखान्यातील कामगार यांना मोफत वकील मिळतो. यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे.

काही बांधव विचारतात, आपण बौद्ध, मग अनुसूचित जातीत कसे? महाराष्ट्राने नवबौद्धांना १९६० पासून सवलती दिल्या. केंद्राच्या यादीत मात्र बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांचा समावेश १९९० च्या दुरुस्तीने झाला. तेव्हा जातीचा दाखला जवळ असेल तर या कायद्याचा लाभ आपल्याला निःसंशय आहे. आणि माता-भगिनींना तर केवळ स्त्री म्हणूनही तो आहे.

आम्ही जळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा कागदी अर्ज केला. वकीलबाई मिळाल्या. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती माझ्या टेबलावरचीच होती. दाखला नसला तरी निराधारचा अर्ज दाखल करा, पोच घ्या आणि त्रुटी काय ती लेखी मागा. तसे केले. काही दिवसांनी एका ओळीचे पत्र आले, "पतीच्या मृत्यूचा दाखला जोडलेला नाही." खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. चार खेपांत जे हाती पडले नव्हते, ते त्या एका ओळीने दिले. आता अडचण कुठे आहे ते कागदावर आले.

मृत्यूला वर्ष उलटले असेल तर नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीपासून तो आदेश जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात. जळगावहून कागद सुरतच्या प्राधिकरणाकडे गेले. दिराच्या पेटीत स्मशानभूमीची पावती सापडली. खोलीमालकाने जबाब दिला, बाईंनी प्रतिज्ञापत्र केले. सगळे मिळून अकरा महिने लागले. दाखला आला आणि अनुदान मंजूर झाले. मधल्या काळाचे पैसे मात्र मिळाले नाहीत, ते गेले ते गेलेच. म्हणूनच मी कळकळीने सांगतो, उशीर करू नका. दारिद्र्यरेषेखालील घरातला कमावता माणूस १८ ते ५९ या वयात गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. त्यालाही हाच दाखला लागतो.

मोफत वकील म्हणजे दुय्यम वकील, असा आपल्याकडे समज आहे. त्या वकिलाला मानधन प्राधिकरण देते, पक्षकाराने पैसे द्यायचे नसतात. वकील लक्ष देत नसेल किंवा पैसे मागत असेल तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करावी. सचिव स्वतः न्यायाधीश असतात. वकील बदलून मागता येतो. कोर्ट फी, टंकलेखन, नकला यांचा खर्चही या साहाय्यात येतो. आणि हे साहाय्य फक्त खटल्यापुरते नाही. अर्ज लिहिणे, सल्ला देणे हेही त्यात आहे. गरिबांना शासकीय योजनांचा लाभ मिळवून देण्यासाठी राष्ट्रीय प्राधिकरणाने २०१५ साली वेगळी योजनाच काढली आहे.

जळगाव आणि धुळे येथे जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचे कार्यालय आहे. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलेही लिहून घेतात. १५१०० हा दूरध्वनी क्रमांक घरातल्या भिंतीवर लिहून ठेवावा.

उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला अशा सेवांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात अर्जाची पोच देणे, ठरलेल्या मुदतीत काम करणे आणि नाकारल्यास कारण लेखी कळवणे बंधनकारक आहे. नकारानंतर ३० दिवसांत पहिले अपील करता येते. अर्जाचे पुढे काय झाले हे कळत नसेल तर १० रुपये भरून माहितीच्या अधिकारात विचारता येते.

खिडकीपलीकडचा माणूस दरवेळी दुष्टच असतो असे नाही. मी त्या बाजूला बसतो, म्हणून हे सांगतो. गर्दी असते, वरून दट्ट्या असतो आणि पोच न मागणाऱ्याला परत पाठवणे सोपे असते. "साहेब, अर्ज घ्या आणि त्रुटी लेखी द्या," एवढे शांतपणे म्हणणाऱ्याला परत पाठवणे तितके सोपे नसते.

शेवटी एक सूचना. प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर शिकलेल्या एका मुलाने आणि एका मुलीने तासभर बसावे. वस्तीतल्या विधवा, परित्यक्ता, वृद्ध आणि अपंग यांची एक वही करावी. कोणाचा अर्ज कधी दिला, आवक क्रमांक काय, उत्तर आले की नाही, एवढेच त्यात लिहावे. वहीला वीस रुपये लागतात. ज्या ओळीत आवक क्रमांकाची जागा रिकामी दिसेल, त्या घरी त्याच दिवशी जावे आणि सोमवारी त्या माणसासोबत कचेरीत उभे राहावे.

जय भीम!