चित्रे काढणाऱ्या मुलांसाठी

वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढत बसणारे एखादे पोर तुमच्याही घरात असेल. आमच्या अवसरी बुद्रुकला अशी पुष्कळ आहेत. पण शेजारच्या अवसरी खुर्दला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आणि तंत्रनिकेतन झाल्यापासून बापमंडळींना दुसरे काही सुचत नाही. दाराशी कॉलेज असताना चित्रकलेला कशाला जायचे, असे ते म्हणतात. इंजिनिअरचा पगार डोळ्यांना दिसतो, तेव्हा त्यांना तरी काय दोष द्यायचा!

पण ज्याला हल्ली डिझाइन म्हणतात ते नुसते चित्र नव्हे. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट पाहा. एकावर एक दहा रचले तरी भार खालच्या फळावर येत नाही, बाजूच्या फटींतून वारा खेळतो, दोन्ही अंगांना हात घालायला जागा असते. हे कुणीतरी बसून योजले आहे. खुरप्याची मूठ तासताना बाईचा हात केवढा हे पाहणारा आपला सुतारही तेच करत आला. त्याला पदवी मिळाली नाही एवढेच.

या विद्येचे आपल्याकडचे जुने घर म्हणजे मुंबईचे जे. जे. सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून 1857 साली ही कलाशाळा निघाली. दादासाहेब फाळके इथलेच विद्यार्थी. पुढे वास्तुकला वेगळी झाली, 1961 साली उपयोजित कलेची संस्था वेगळी झाली. आवार एकच, पण चुली वेगळ्या, आणि पदवी मुंबई विद्यापीठाची. आपली मुले शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसतात ना, त्या परीक्षा वर्षानुवर्षे घेणाऱ्या कला संचालनालयाचे कार्यालयही त्याच आवारात.

2023 साली जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि कला, वास्तुकला, डिझाइन ही तिन्ही नावे एका पाटीवर आली. अभिमत म्हणजे अभ्यासक्रम स्वतः ठरवायचा आणि पदवीही स्वतःच्या नावाने द्यायची. मला ही गोष्ट चांगली वाटते. घर बांधणारा, अक्षर रेखणारा आणि वस्तू घडवणारा एका ठिकाणी शिकला तर एकमेकांचे पाहून शहाणा होतो. विंडोजच्या संगणकावर मराठी ज्या ‘मंगल’ वळणाच्या अक्षरांत वर्षानुवर्षे उमटले, ती र. कृ. जोशी यांनी घडवली, तेही जे. जे.चेच विद्यार्थी, आणि पुढे पवईच्या आय.आय.टी.तल्या डिझाइन केंद्रात शिक्षक. ते केंद्र 1969 सालचे. 2010 साली स्वीकारलेले रुपयाचे चिन्ह रेखणारे उदयकुमारही त्याच केंद्रात संशोधन करत होते.

आता खरी गोष्ट पैशाची. खाजगी विद्यापीठांतून डिझाइनची वर्षाची फी लाखांत जाते; एकरभर उसाचे बिल तिला पुरत नाही. म्हणून तर सरकारी जे. जे.चा आपल्याला आधार. जुन्या जे. जे.त गरिबाघरचे पोर बोटांतल्या गुणावर शिकून निघे. घर एक झाले, नाव मोठे झाले, म्हणून त्या पोराची जागा आक्रसू नये, ही माझी काळजी आहे, आणि ती आमदार-खासदारांच्या कानावर घालायला आपण लाजू नये. पाण्याच्या आवर्तनासाठी आपण मोर्चा काढतो, कॉलेजातल्या जागांसाठी कधी काढला?

तोवर घरी एवढे करा. पोराने आठवी-नववीत असताना काढलेली चित्रे रद्दीत घालू नका, तारीख टाकून ठेवा. इंटरमिजिएट होऊ द्या. दहावीला वाढीव गुण मिळतात, ते वेगळेच. आणि कुठल्याही डिझाइन कॉलेजाच्या रंगीत पुस्तकावर भुलण्याआधी चार प्रश्न विचारा: पदवी कोणाच्या नावाची, सगळ्या वर्षांची मिळून फी किती, वसतिगृह आहे का, आणि आपल्याला लागू असलेली शिष्यवृत्ती तिथे चालते का. उत्तर तोंडी घेऊ नका, कागदावर मागा.