खोड्यापाशीचे निदान

तालुक्याच्या गावातील पशुवैद्यकीय दवाखान्याची ओळख दारावरच्या पाटीपेक्षा अंगणातल्या खोड्यावरून अधिक पटते. खोडा म्हणजे जाड लोखंडी नळ्यांची, पुढून-मागून अडसर घालता येणारी चौकट. जनावर तीत उभे केले की त्याला वळता येत नाही आणि तपासणाऱ्याला त्याच्या अंगाला बऱ्यापैकी निर्धास्तपणे हात लावता येतो. मानेच्या उंचीवर नळ्यांचा रंग घासून गेलेला असतो, खालची फरशी शेणामुताने ओली असते आणि फिनेलचा उग्र वासही गोठ्याचा वास झाकू शकत नाही. माणसांच्या इस्पितळात रुग्ण दाराआड जातो व नातेवाईक बाहेर थांबतात. येथे मात्र सारे उघड्यावर घडते, आणि वेसण धरून उभा असलेला मालकच नातेवाईक, परिचारक व साक्षीदार अशा तिन्ही भूमिका पार पाडतो.

त्याची साक्ष मोलाची असली तरी पुरेशी नसते, कारण ‘डॉक्टरसाहेब, कालपासून वैरणीला तोंड लावत नाही’ या तक्रारीत साध्या अपचनापासून वैरणीतून गिळल्या गेलेल्या तारेपर्यंत अनेक कारणे संभवतात. म्हणून डॉक्टर मालकाचे बोलणे ऐकत असतानाच जनावराच्या डाव्या भकाळीत, म्हणजे शेवटच्या बरगडीमागील खोलगट भागात, मूठ दाबून धरतो. तेथे आत कोठीपोट असते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या चार कप्प्यांच्या पोटातील हा सर्वांत मोठा कप्पा निरोगी गाईत दोन मिनिटांत साधारणपणे दोन-तीनदा आकुंचन पावतो आणि प्रत्येक आकुंचनाबरोबर मूठ किंचित वर ढकलली जाते. ही हालचाल मंदावली की पचन बिघडल्याचे कळते, आणि भकाळ नगाऱ्यासारखी ताणली असेल तर पोटफुगीचा संशय घेऊन कोंडलेला वायू बाहेर काढण्याची घाई करावी लागते.

या व्यवसायातील काही उपचारांचे फळ डोळ्यांदेखत मिळते. भरपूर दूध देणारी गाय व्याल्यानंतर दोन-तीन दिवसांत कधी आडवी होते, मान पोटाकडे वळवून पडून राहते, तिचे कान गार पडतात. हा दुग्धज्वर असून, दुधावाटे कॅल्शियम झपाट्याने बाहेर गेल्याने रक्तातील त्याचे प्रमाण घसरणे हे त्याचे कारण आहे. अशा वेळी कॅल्शियमची बाटली शिरेतून देताना डॉक्टर एका हाताने छातीवर स्टेथोस्कोप धरून ठेवतो, कारण औषध भरभर गेले तर हृदयच थांबण्याचा धोका असतो. सारे नीट जमले तर गाय शेण टाकते, अंग थरथरवते आणि पुष्कळदा थोड्याच वेळात उठून उभी राहते.

सगळीच दुखणी मात्र इतकी सरळ नसतात, आणि कासदाहासारख्या आजारात दवाखान्याचे खरे अवघडपण उघडे पडते. सडांत जंतुसंसर्ग होऊन कास सुजते, दुधात गाठी येतात, प्रतिजैविके द्यावी लागतात. पण औषधाचा अंश दुधात उतरत असल्याने उपचारादरम्यान आणि त्यानंतरही ठरावीक दिवस ते दूध डेअरीत घालू नये, असे डॉक्टरला सांगावे लागते. ज्या घराचा आठवड्याचा बाजार दुधाच्या पैशावर चालतो, त्या घराला हा सल्ला औषधापेक्षा महाग पडतो. जनावराचे दुखणे, मालकाची ओढाताण आणि दूरच्या शहरात ते दूध पिणाऱ्या मुलाचे आरोग्य या तिन्हींचा विचार करूनच कागदावर औषध लिहिले जाते.

हीच व्यापक जबाबदारी पावसाळ्यापूर्वी घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी टोचताना निभावली जाते, आणि 2022 मध्ये लंपी त्वचा आजाराची साथ राज्यभर पसरली तेव्हाही अंगावर गाठी आलेल्या जनावरांवर उपचार करणे व निरोगी जनावरांना लस टोचणे ही दोन्ही कामे याच मनुष्यबळाकडे आली. एकेकाळी गोठेच्या गोठे रिकामे करणारी बुळकांडी 2011 मध्ये जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले, त्यामागेही गावोगावच्या अशाच लसीकरणाचे श्रेय मोठे आहे.

माणसांच्या वैद्याने रुग्णाची किंमत करणे अशोभनीय मानले जाते. पशुवैद्याला मात्र ती टाळता येत नाही, कारण मालकाला न पेलणारा उपचार अर्ध्यावर सुटतो आणि त्याचे हाल जनावराच्याच वाट्याला येतात. म्हणून घरची ऐपत ओळखून इलाज ठरवणे ही येथे तडजोड नसून निदानाचाच भाग ठरते. डेअरीत न घालायच्या दुधाबाबत मात्र ही लवचिकता संपते, कारण त्या दुधाचा परिणाम भोगणाऱ्याला खोड्यापाशी येऊन आपली बाजू मांडता येत नाही.