ओवी थांबत नाही

जात्याची घरघर आमच्या बोरगावच्या घरातून केव्हाच नाहीशी झाली. पीठ आता गिरणीतून येते. जात्यावरच्या ओव्या मात्र आमच्या आईच्या ओठी अजून आहेत. अडचण एवढीच की, त्या मागून मिळत नाहीत. “आई, ओवी सांग,” म्हटले की ती म्हणते, “आता काही आठवत नाही रे.” आणि दुसऱ्या दिवशी देवापुढे वाती वळता वळता जामसावळीच्या पहुडलेल्या मारुतिरायाची ओवी आपणहून तिच्या तोंडी येते.

आमच्या मुलखात या ओव्यांचे मोल थोडे अधिकच. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसर-पांढुर्ण्याचा हा मराठी टापू छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी कचेरीची भाषा हिंदीच. मराठी उरली ती चुलीपाशी आणि देवघरात.

म्हणून आम्ही ओव्या संगणकावर उतरवू लागलो. पण आईने ओवी आरंभावी, आम्ही धावत जाऊन एकातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे दप्तर उघडावे, आणि फाईल सापडेपर्यंत तिचा सूर निवून जावा, असे वारंवार घडे. एकदा माहेरच्या वाटेवरची एक ओवी अशीच अर्ध्यावर सुटली. ती पुन्हा तिला आठवली नाही. त्या दिवशी आम्हांस अन्न गोड लागले नाही.

अखेर धाकट्या मुलीने मार्ग दाखविला. “बाबा, दरवेळी चार खोल्या ओलांडून कोठीत कशाला जाता? दारच अंगणात काढा.” तिने त्या फाईलचा शॉर्टकट करून पडद्याच्या दर्शनी भागावर ठेवला, त्याच्या गुणधर्मांच्या चौकटीत, शॉर्टकटच्या कळीच्या जागी, ‘ओ’ हे रोमन अक्षर दाबले. आता कंट्रोल, आल्ट आणि ओ या तीन कळा एकदम दाबल्या की नोटपॅडमध्ये आमची वही उघडते. वहीच्या पहिल्या ओळीत तिने टिंब आणि त्यास लागून एल्, ओ, जी ही मोठी रोमन अक्षरे लिहून ठेवली. त्यामुळे वही उघडताच शेवटी त्या दिवसाची तारीख व वेळ आपोआप उमटते. आईला कोणत्या दिवशी काय आठवले, याचीही नोंद त्यामुळे राहते.

या सोयीने आम्ही एकदा फसलोही, आणि दोष सर्वस्वी आमचाच. ओव्या छापून घ्याव्यात म्हणून नागपुरास गेलो, ते पेनड्राइव्हवर केवळ शॉर्टकट घेऊन! तेथे तो उघडेना. देवळाची वाट दाखविणारी पाटी उचलून नेली म्हणजे देव बरोबर येत नाही, हे आम्हांस त्या दिवशी उमगले. शॉर्टकट हा नुसता पत्ता. वस्तू आपल्या जागी. तेव्हापासून मूळ फाईलची एक प्रत आम्ही निराळी जपून ठेवतो.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या महासागरापुढे आमची वही म्हणजे पळीभर तीर्थ. गोव्याकडील आमच्या कोंकणी वाचकांच्या घरीही अशी एखादी आजी असेलच. तिला ओवी मागू नये. ती येईल तेव्हा वही उघडी असावी, एवढेच पाहावे.

आज पहाटे तुळशीला पाणी घालताना आई थांबली आणि गुणगुणू लागली. आम्ही तीन कळा दाबल्या. तारीख उमटली, आणि या खेपेस दुसरा चरणही हाती आला.